काडी ओढू नकोस!

अरे, मल्लेश्वरमला असताना एकदा संध्याकाळी लाइट गेली. इंडक्शन बंद, म्हणून मी अंधारात चाचपडत जुनी शेगडी सिलिंडरला जोडली आणि काडेपेटी उघडली. तेवढ्यात शेजारच्या अक्का दारातून ओरडल्या, “काडी ओढू नकोस! गॅसचा वास येतोय.” मला आणि बायकोला सर्दी, आम्हाला वासच आला नव्हता.

अक्का जन्मापासून आंधळ्या. त्या मिट्ट काळोखात फुसफुस आवाजाच्या रोखाने त्या सरळ सिलिंडरपर्यंत गेल्या, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या.

“चला, स्वल्प वेळ खाली थांबू,” अक्का त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या.

आम्ही दोघं डोळस माणसं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरलो.