तीन नंबरच्या रिंगा

अहो, तिकडे नाही, इकडे, इकडे या — तेही दार आमचंच, म्हणजे होतं — पाटी एकच आहे ना, म्हणून गोंधळ होतो लोकांचा. वडिलांचं नाव माझ्या दारावर आलं आणि आडनाव त्या दारावर गेलं. करवतीनं कापली पाटी. मीच कापली. बसा. त्या स्टुलावर नको, ऑइल लागलंय, ही खुर्ची घ्या. आणि जरा हळू बोला, ही भिंत म्हणजे नुसतं प्लायवूड, पलीकडे कोणी शिंकलं तरी इकडे ऐकू येतं. आता जेवायला गेलाय म्हणून शांत आहे, एरवी कॉम्प्रेसर चालू असतो — कॉम्प्रेसर दोघांत एकच, त्याची नळी भिंतीला भोक पाडून इकडे आणलीय. गाडीचं काही सांगू नका, आत येतानाच ऐकलं मी. दोन लिटर, चार सिलिंडर, टर्बो, आणि चारातलं एक संपावर. पिस्टन गेलाय तुमचा. दातांच्या डॉक्टर ना तुम्ही? गळ्यातल्या कार्डावर दात छापलाय, त्यावरून म्हटलं.

तर बिल्ट करायचं की स्ट्रोकर, हाच प्रश्न ना? सगळे हाच घेऊन येतात, आणि सगळ्यांनी घरी बसून सोळा व्हिडिओ बघितलेले असतात. दोन मिनिटांत सांगतो. बिल्ट म्हणजे इंजिन तेवढंच, दोन लिटरचं दोन लिटर, फक्त आतला माल दणकट. ओतीव पिस्टन काढायचे, ठोकून घडवलेले घालायचे, रॉड जाड, बोल्ट चांगले — टर्बोनं कितीही हवा कोंबू दे, ते निमूट सोसतं. स्ट्रोकर म्हणजे क्रँकच बदलायचा, पिस्टनना वरखाली करणारा तो वाकडा दांडा. त्याचा फेरा मोठा, म्हणून पिस्टन वरखाली जास्त अंतर जातो, दोन लिटरचं सव्वादोन होतं. फायदा काय? टर्बो लवकर जागा होतो, वळणातून बाहेर पडताना ताटकळत बसावं लागत नाही, पाय दाबला की गाडी निघाली. तोटा काय? पिस्टनची धावाधाव वाढते, सिलिंडरच्या भिंतीला बाजूनं रेटा बसतो, झीज लवकर होते. तुम्ही रोज दवाखान्यात जाणार, मुलीला शाळेत सोडणार, वर्षातून एकदा ती चढाची शर्यत करणार — डोळे मिटून बिल्ट करा. दहा वर्षं माझं तोंड बघायला लागणार नाही.

कोणत्या गटात नाव दिलंय म्हणालात? खुल्या? टर्बोच्या खुल्या गटात?

मग मघाशी काय बोललो ते विसरा. स्ट्रोकर करायचं. नाही, ऐका तर — त्या गटात कोण धावतं माहीत आहे का? हा. पलीकडचा. माझा सख्खा धाकटा भाऊ, सहा वर्षं एक शब्द बोललेलो नाही आम्ही, आणि सलग तीन वर्षं तो पहिला येतोय. थांबा, तुम्हाला दाखवतोच — हा बघा. उचलू नका, जड आहे. क्रँक. मोठ्या फेऱ्याचा, तुमच्याच इंजिनाचा. पाच वर्षं तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय, दर महिन्याला फडकं सोडतो, पुसतो, परत गुंडाळतो. बायको म्हणते, एवढं तर माझंही कधी केलं नाहीत. पण गाडी नव्हती ना माझ्याकडे, चालवणारं माणूस नव्हतं. आज तुम्ही आलात. हा तुम्हाला असाच देतो. मजुरी नको, काही नको. फक्त शर्यत संपली की त्या काळ्या फळ्यावर त्याच्या वेळेच्या वर तुमची वेळ लागली पाहिजे. आणि कोणीतरी विचारलं पाहिजे, डॉक्टर, इंजिन कोणी बांधलं? बास. मग मी जातो पुढं, माइक मागतो, आणि काय बोलायचं ते माझं पाठ आहे. सहा वर्षं पाठ आहे.

काय केलं त्यानं? विचारता? विचारा, विचाराच. दोघांनी मिळून इंजिन बांधलं होतं. गाडी तो चालवणार, कारण तो बारीक, दिसायला बरा, फोटोत चांगला येतो. तिसऱ्या वळणावर, जिथं सगळी गर्दी उभी असते नेमकं तिथं, भस्सकन निळा धूर. तीन नंबरच्या पिस्टनची वरची कडच उडालेली. आता आमची वाटणी वडिलांच्या वेळेपासूनची — एक आणि दोन सिलिंडर मी, तीन आणि चार तो. मग तीन नंबर कोणाचा? त्याचा. बरोबर ना? सरळ आहे ना? आणि आठवड्यानं बक्षीस समारंभ, दोनशे माणसं, माझी बायको पहिल्या रांगेत, नवीन साडी नेसून — आणि हा माइक घेऊन म्हणतो, चूक दादाच्या हातून झाली, पण माणूस आहे, होतात चुका, मी दादाला माफ केलंय. माफ! लोकांनी टाळ्या वाजवल्या हो. शिवी दिली असती तर चार दिवसांत विसरलो असतो. कानफटात मारली असती तर उलटी मारून मोकळा झालो असतो. माफीला काय करायचं? ती अंगाला चिकटून बसते. तेव्हापासून माझ्या दारात काय येतं बघताय ना — पाण्याचे पंप आणि गवत कापायची यंत्रं. हे हात, डॉक्टर, या हातांनी गवत कापायची यंत्रं!

फळ्यावर तुमचं नाव वर लागलं की मी माइक घेणार आणि म्हणणार, मीही धाकट्याला माफ केलंय. एवढंच. शांतपणे. हसून. मग बघू कोण टाळ्या वाजवतं.

चूक काय होती ते समजून घ्या, तुमच्याही इंजिनाचा जीव त्यातच आहे. ही रिंग. पिस्टनच्या खाचेत बसते, पूर्ण गोल नसते, इथं दोन टोकांत फट असते. इंजिन तापलं की रिंग वाढते, फट मिटत जाते. टर्बोत उष्णता जास्त, म्हणून फटही जास्त ठेवायची. कमी राहिली तर टोकाला टोक भिडतं, रिंगला जायला जागा नाही, ती भिंतीला आवळून बसते आणि पिस्टनचा तुकडा उडवते. झालं. एवढ्याशा फटीपायी अख्खं इंजिन. ती फट मोजायची या गेजच्या पात्यांनी, प्रत्येक पात्याची जाडी त्याच्यावरच लिहिलेली असते. हे धरा, पंचेचाळीसचं पातं, टर्बोला एवढी फट लागतेच. काय? पंचवीस? बघू — नाही हो, पंचेचाळीसच आहे. बरं, असेल पंचवीस. आकडे झिजलेत, जुनं गेज आहे, वीस वर्षं हेच वापरतोय. ते इंजिन बांधलं तेव्हा बायको चष्म्यासाठी मागे लागली होती, मी म्हटलं, मला बोटांनी दिसतं.

आणि फट वाढवायची कशी? कानशीनं. एकच टोक घासायचं, दुसऱ्याला हात लावायचा नाही. हे बघा माझं काम, हे भिंग घ्या — रेषा दिसतात? कुठं झुकल्यात? डावीकडे. मी डावखुरा. शंभर रिंगा एकत्र ओता, त्यातल्या माझ्या मी अंधारात काढून देईन. त्याच्या उजवीकडे झुकतात, शिवाय तो घाईचा, खरवडल्यासारखं घासतो. तुम्हाला पटायला पाहिजे ना, दाखवतोच, पुरावा आहे माझ्याकडे. हा डबा. त्याच इंजिनाच्या रिंगा, चार सिलिंडरच्या चार पिशव्या, नंबर घालून. चिकटपट्टी? हो, सहा वर्षांपूर्वीचीच. उघडला नाही कधी. कशाला उघडायचा, मला माहीतच होतं ना. कोणी दिला? त्यानंच. समारंभाच्या आदल्या दिवशी आला, इथं टेबलावर ठेवला, म्हणाला, दादा, रागावू नकोस, एकदा भिंगाखाली बघ, मग आपण दोघंच बोलू. त्याच्यादेखतच मी पट्टी गुंडाळली. मला शिकवतो? आठवडाभर मी रस्त्यावर सगळ्यांना सांगत होतो की धाकट्यानं घाण केली — सांगणारच ना, तीन नंबर त्याचा होता! — आणि हा मला भिंग दाखवतो. कापा ती पट्टी. तुमचे हात नाजूक कामाचे, तुम्हीच काढा.

तुटलेली सोडा, तिची टोकं घासून आरसा झाली असणार. तिच्या खालची बघा, दुसरी, तिच्यावर कानशीच्या रेषा राहिल्या असतील. उजवीकडे झुकल्यात ना? काय बघताय एवढं? चार नंबरची पिशवी असेल ती. तीन लिहिलंय? त्याचंच अक्षर. बरं. मग रिंग उलटी धरली असेल तुम्ही, उलटी धरली की उजवं डावीकडे दिसतं. वरच्या बाजूला ठिपका असतो, बारीक. ठिपका वर आहे? नीट बघा. द्या इकडे, भिंग द्या, दातांचं वेगळं आणि हे वेगळं —

त्या दिवशी फोन आला होता धाकट्याला. सासऱ्यांना दवाखान्यात नेलं होतं, तो बाहेर जाऊन बोलत होता, अर्धा तास. रिंगा इथं माझ्यासमोर पडलेल्या. म्हटलं, याचं रडगाणं कधी संपायचं, तीन नंबर मीच उरकतो. उरकला. आत आला तेव्हा त्याला सांगितलं का मी? सांगितलं असेल. नसेल. फट तर मोजली होती, पातं घालून मोजली होती, छान बसलं होतं, पंचेचाळीसचं — ते गेज खाली ठेवा. वाचू नका. मघाशी एकदा वाचलंत, तेवढं पुरे.

म्हणजे त्याला माहीत होतं. सहा वर्षं या एवढ्याशा प्लायवूडपलीकडे बसून त्याला माहीत होतं, मी गावभर त्याचं नाव खराब करत होतो आणि हा कॉम्प्रेसरची हवा मला देत होता, एक दिवस नळी काढली नाही. हा डबा एकदा, एकदा तरी माझ्या तोंडावर फेकायचा होता ना. आता याचा सूड कसा घ्यायचा? सांगा ना डॉक्टर, शिकलेल्या आहात तुम्ही.

ऐका. कॉम्प्रेसर सुरू झाला. जेवून आला तो.

बिल्ट करा. मी पहिल्यांदा सांगितलं तेच खरं होतं. क्रँक राहू दे, झाका तो. आणि रिंगा त्याच्या हातून घासून घ्या, घाईचा असला तरी आकडे नीट वाचतो. ते पलीकडचं दार, आडनाव लिहिलंय ते, मघाशी तिकडेच निघाल्या होतात. मी पाठवलं म्हणू नका. डबा उघडला म्हणू नका. काहीच म्हणू नका. बघताय काय अशा? भिंग ठेवा आणि जा.