दह्यात घातलेली कवळी

(मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. डोळे मिटू मात्र नका, नाहीतर पुढचं वाचाल कसं? पनवेलजवळ करंजाड्यातलं एक घर. सकाळची वेळ. आजोबांच्या हातात वाटी, वाटीत घट्ट दही आणि दह्यातून हसणारे दात. समोर नात, आभा. त्यांचं बोलणं आधीच सुरू झालंय.)

आजोबा : दही एकदम घट्ट लागलंय, शाबास! पण माझी कवळी त्यात कशाला?

आभा : तरुण व्हायला.

आजोबा : कवळी?

आभा : तुम्ही! सुरुवात फक्त कवळीपासून. मग डोकं, मग मान, मग गुडघे.

आजोबा : वरून खाली. भिंत रंगवतात तसं.

आभा : हसू नका ना. बिनदातांचं हसलात की अजून म्हातारे दिसता.

रुचिरा : बाबा, चहा झालाय... अगंबाई! हे दात आहेत?

आजोबा : आपलेच आहेत, सूनबाई. घाबरू नकोस.

रुचिरा : आभा! विरजण मी समोरच्या शांतीकाकूंकडून मागून आणलं होतं. आता कढी कशाची करू?

आजोबा : याचीच कर. दात काही परक्याचे नाहीत.

रुचिरा : शी! बाबा, तुम्ही तिला पाठीशी घालू नका. मी आंघोळीला चाललेय. बाहेर आल्यावर ती वाटी मला दिसता कामा नये.

आजोबा : गेली. थांब, कवळी धुऊन बसवतो... हं. आता बोलणंसुद्धा आंबट लागतंय. हे तुला सांगितलं कोणी?

आभा : आईच्या मोबाइलवर एक ताई सांगत होत्या. दह्यात चांगले जिवाणू असतात, ते म्हातारपण थांबवतात. ते अँटीऑक्सिडंट असतात.

आजोबा : म्हणजे काय?

आभा : तेवढ्यात जाहिरात लागली.

आजोबा : बरं. त्या खिडकीच्या ग्रिलवर बोट फिरव. काय लागलं?

आभा : गंज. ई, बोट तांबडं झालं!

आजोबा : हवेतला ऑक्सिजन आणि ओल, दोघं मिळून लोखंड खातात. आपल्याला जगायला ऑक्सिजन हवाच. पण तो वापरताना शरीरात काही द्वाड कण तयार होतात. ते दिसेल त्याला ढकलत सुटतात.

आभा : आमच्या वर्गातल्या राजससारखे!

आजोबा : मग राजसला कोण आवरतं?

आभा : मी. हात धरून खाली बसवते. मी मॉनिटर आहे.

आजोबा : झालं तर! तू वर्गातली अँटीऑक्सिडंट. काही जिवाणू असंच मॉनिटरचं काम करतात. प्रयोगशाळेत ते दिसलंय, उंदरांवरही दिसलंय. त्यामुळे माणसाचं म्हातारपण किती लांबतं, ते मात्र अजून नक्की कळलेलं नाही. शोध चालू आहे.

आभा : पण थोडा तरी फरक पडला असेल ना? आरशात बघा.

आजोबा : बघितलं. दात चकचकीत, बाकी माणूस तोच. अगं, दही पोटात जायला हवं. आणि गेलं तरी झालेलं वय ते परत घेत नाही.

आभा : एक वर्षसुद्धा नाही?

आजोबा : एक दिवससुद्धा नाही. तुला एवढी घाई कसली झालीय?

आभा : आज शाळेत आजोबा-नातवंडांची तीन पायांची शर्यत आहे ना.

आजोबा : आहेच! मी बूट पुसून ठेवलेत.

आभा : बाई काल म्हणाल्या, सत्तरच्या पुढच्या आजोबांनी धावायचं नाही. खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या.

आजोबा : अस्सं.

आभा : म्हणून तुम्हाला कळायच्या आत तुम्हाला तरुण करायचं होतं. माझ्या वर्गातल्या समृद्धीला दोन आजोबा आहेत, त्यातले उरलेले बाईंनी मला दिलेत. ते जिमला जातात. आम्ही पहिले येऊ बहुतेक.

आजोबा : मग ये की पहिली! मी अशा टाळ्या वाजवीन, पार पनवेल स्टेशनात ऐकू जातील.

आभा : तुम्हाला वाईट नाही वाटणार?

आजोबा : वाटेल थोडं. बागेत आपण एवढा सराव केला.

आभा : आपण सारखे पडायचो.

आजोबा : पण काय छान पडायचो!

आभा : ...आजोबा, बूट घाला.

आजोबा : घालतो. वेळेवर जाऊ या.

आभा : आता पाय इकडे करा. हा नाही, डावा. आईची ओढणी पुरेल ना?

आजोबा : अगं, मला धावायचं नाहीये! आणि समृद्धीचे ते आजोबा?

आभा : ते राजसला देऊन टाकू. त्याचे आजोबा गावाला असतात. हलू नका, गाठ सैल होते.

रुचिरा : अरे देवा, माझी नवी ओढणी! घरातूनच पाय बांधून शर्यतीला निघालात की काय?

आभा : शर्यतीला नाही, आई. आम्ही टाळ्या वाजवायला चाललोय.