बाळंतिणीची खोप

रुथ : हळू बोला. आताच डोळा लागलाय तिचा.

कॉन्रॅड : कोणाचा? माझ्या खाटेवर कोण झोपलंय?

रुथ : जेठी. तुमच्याच मिठागरावरली.

कॉन्रॅड : ती तलासरीची? तिला इथं उत्तनला कोणी आणली?

रुथ : मी. छकड्यातून. परवा तिला पोरगी झाली, मीच सोडवली. आज शेकायला गेले, तर मायलेकी बांधावर, उन्हात. खोपीत दुसरी माणसं.

कॉन्रॅड : शेटचा नेम हाय. नवरा-बायको दोघं कामावर असतील तरच खोप.

रुथ : आणि सामान बाहेर शेटनं काढलं?

कॉन्रॅड : मी काढलं. मुकादम मी हाय ना.

रुथ : सांगितलं तिनं. शिवी न्हाय दिली तुमाला. म्हणाली, मुकादमानं मडकी हळूच ठेवली, एक पण फुटलं न्हाय.

कॉन्रॅड : फुटलं असतं तर पाणी कशात भरणार ती?

रुथ : बघा. मडक्याचं कळतं, बाळंतिणीचं कळत न्हाय.

कॉन्रॅड : कळतं गं. पण काम गेलं तर काय करू? होडीत बसलं की मला ओकारी येते, साऱ्या गावाला ठाऊक हाय.

रुथ : म्हणून तर कोळ्याचा पोर मिठागरात गेला. तरी लगीन केलं मी तुमच्याशी.

जेठी (आतल्या खोलीतून) : बाय, मी जाते. फावडं धरते. मुकादमावर नको रागावू.

रुथ : तू पड गप. पेज आणते.

कॉन्रॅड : राहू दे तिला इथंच. शेटला कळवायचं न्हाय, झालं.

रुथ : हिला ठेवीन. पण कडेच्या खोपीतली सातव्यात हाय, तिच्या शेजारची पण. इतक्या खाटा कुठून आणू? तुमी शेटला सांगा, बाळंतिणीची खोप काढायची न्हाय.

कॉन्रॅड : तो मला काढील. नवा मुकादम येईल, तो मडकी आपटील.

रुथ : एकटे गेलात तर काढील. सगळ्यांनी फावडी बांधावर ठेवली तर? लढाईमुळं मिठाला भाव आलाय, पाऊस महिन्यावर आलाय. मीठ काय शेट ओढणार?

कॉन्रॅड : हे तुझ्या डोक्यातलं न्हाय.

रुथ : जेठीच्या नवऱ्याचं. म्हणाला, मुकादम पुढं उभा राहिला तर आमी बसतो.

कॉन्रॅड : मी? त्याचं घर मी बाहेर काढलं, आणि तो माझं नाव घेतो?

रुथ : घेतो. मला पण नवल वाटलं. मग बरं वाटलं.

कॉन्रॅड : बाळंतिणीला खोप किती दिवस मागू?

रुथ : बारा मागा. तेवढे देईल.

कॉन्रॅड : आपल्या मार्सेलिनच्या वेळी आईनं तुला किती दिवस घराबाहेर सोडली न्हाय?

रुथ : चाळीस. मग देवळात फादरकडं नेली.

कॉन्रॅड : मग चाळीसच मागतो.