चौलच्या तळ्याकाठचा निवद

माझा जन्म वाटंवरचा, ताई. कागदावर गाव मांडवगण फराटा हाय, पर जन्मले मी खंडाळ्याचा घाट उतरताना, मेंढरांच्या मागं. आमची माणसं मेंढरं राखणारी. दिवाळी झाली की वाडा उठायचा, वाडा म्हंजी घर न्हवं हां, वाडा म्हंजी मेंढरं, कुत्री, घोडी, घोड्यावर बांधलेल्या कोंबड्या आन् आमी पोरं, समदं मिळून वाडा. कोकणात उतरायचं, पेण, अलिबाग, चौल, तिथं भातं काढलेली असायची, त्या रिकाम्या खाचरात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत व्हायचं आन् शेतकरी आमाला त्याबदली भात घालायचा. पाऊस यायच्या आत परत वर. आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत न्हाई, म्हणत्यात एवढं चालत? चालतच की, दुसरं काय व्हतं.

समुद्र म्या लहानपणीच बघितलेला, पर लांबनं. आय जवळ जाऊ द्यायची न्हाई. ती म्हणायची, मेंढराला पिता येत न्हाई असलं पाणी देवानं एवढं कशाला करून ठिवलं. लई हसायची सोताच म्हणून सोताच. आन् मेंढीच्या दुधात पीठ मळून दशम्या करायची, तीन दगडांवर तवा, तशी दशमी पुन्हा न्हाई खाल्ली मी.

ती चौललाच गेली. ताप आला आन् उतरलाच न्हाई. मी तवा दुधाचे दात पडायच्या वयाची. ज्याच्या खाचरात मेंढरं बसली व्हती तो शेतकरी भला माणूस, म्हणला माझ्या तळ्याकाठी चिंच हाय, तिच्या बुडाला ठेवा बाईला. तिथं आयला ठिवली, बानं वर एक दगड उभा केला, भंडारा वाहिला. आन् दुसऱ्या दिवशी वाडा उठला. मी रडाय लागले, म्हणलं आय मागं राहिली, तर बा म्हणला, वाडा थांबत न्हाई पोरी, चारा सपला. फुडं काही सालं त्याच वाटंनं गेलो, तवा बा दरसाल त्या दगडाफुडं दशमी ठेवायचा आन् आमी लांब बसायचो कावळा यायची वाट बघत. मग इकडं नदीला पाणी टिकाय लागलं, बानं मेंढरं इकली, रान केलं, आन् कोकणची वाट मोडली ती मोडलीच.

मला दिली वडगाव रासाईला. सुमी बी त्याच साली लग्न करून आली, आमच्या बांधाला बांध. तिचं माहेर केडगावकडचं, त्यांची शेती आधीपासनं, तिनं मला खुरपं धरायला शिकवलं व्हय. मला मेंढी दुहाया यायची, निंदणी कुठं येत व्हती. आमची पुढं बायांची टोळी झाली, पैऱ्याची. पैरा तुमाला ठाऊक हाय का ताई, आज समद्या तुझ्या रानात, उद्या समद्या माझ्या रानात, पैशाचा सवाल न्हाई, दिवसाला दिवस फेडायचा. शेवंतीची तोडणी अशीच व्हती आमची. पैरा फेडला न्हाई अशी बाई आमच्या गावात कवा निघाली न्हाई. आन् मालक वारले तवा ही सुमी आपलं घरदार टाकून माझ्या उशाशी बसली व्हती, मला घास भरवला तिनं. म्हणून तर लागतंय, काय सांगू तुमाला. परक्यानं केलं असतं तर कुणाला लागलं असतं?

गेल्या साली सुमीच्या डोक्यात आलं, ट्रिप काढायची. तिच्या पोरानं मोबाईलमदी दावलं, अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड, जंजिरा किल्ला, समदं एका दिवसात. बाया म्हणल्या एकाच दिवसात यायचं, जनावरांची धार कोण काढणार. केडगावची एक गाडी ठरवली, डायवर दत्तू, आमच्याच भावकीतला. चौलचं नाव ऐकलं आन् मी तशीच उठले. म्या सुमीला बांधावर गाठली, म्हणलं, माझी आय हाय तिथं, मला चिंचंपाशी घडीभर उतरवा, मी निवद ठेवते आन् येते, तुमी उतरू बी नका. सुमीनं खाली वाकून मातीला हात लावला, म्हणली, इंदे, मी सोता तुझ्यासंगं उतरीन. असं म्हणली. मातीला हात लावून.

दत्तूला समदं समजावून दिलं, तळं कुठल्या अंगाला, देवळाची कमान कुठं. त्यो म्हणला आत्या, मोबाईलमदी तळं दिसतंय, चिंच बी असंल, काळजी सोडा. मग मी मांडवगणला गेले, चुलतभावाकडं अजून मेंढरं हायेत, त्याच्याकडनं मेंढीचं दूध आणलं. निघायच्या आदल्या दिवशी सुमीची शेवंती तोडायची व्हती, दिवस मावळंपर्यंत तिच्या रानात वाकले मी, आन् मग घरी येऊन चूल पेटवली. दशम्या केल्या. चव घेतली न्हाई, निवदाची चव घेत न्हाईत. पिवळ्या फडक्यात बांधल्या, वर भंडाऱ्याची पुडी. पाठ टेकली न टेकली तोवर दत्तूचा हॉर्न.

गाडीत टोळीतल्या समद्या आन् सुमीची सून पूजा. पोरगी गप व्हती, तोंड उतरलेलं, मला वाटलं गाडी लागत असंल. अलिबागला उतरलो. भरती व्हती, तिथला किल्ला लांबनंच बघितला, बायांनी फोटो काढले, कणसं खाल्ली. मी पायाला पाणी लावलं, आय म्हणायची ते आठवलं, आन् बायांना सांगितलं तर लई हसल्या. चांगलं चाललं व्हतं हो. ते बी सांगितलं पायजे, चांगलंच चाललं व्हतं.

तिथनं निघालो तवा माझे डोळे मिटाय लागले. सुमी म्हणली, माझ्या खांद्यावर टाक डोकं. म्या म्हणलं, नको, चौल जवळच हाय. ती म्हणली, मी हाय ना. आली जागा की उठवते.

तिनं माझ्या अंगावर शाल टाकली. गाडीत गाणी चालली व्हती, ती बंद करायला लावली. मला अर्धवट झोपंत ऐकू आलं, आन् मनात म्हणलं, केवढी माया करती ही माझ्यावर. ते ध्येनात हाय माझ्या. अशी निजले जशी आयच्या मांडीवर.

जाग आली तर गाडी उभी, आत कोण न्हाई. बाहेर सुरूची झाडं, समुद्राचा आवाज. म्या हाक मारली, सुमे, आलं का चौल? खाली उतरले तर बाया चादर टाकून बसलेल्या, जेवणाला. एक म्हणली, या इंदूबाई, मुरूड आलं की, किती झोपता, आन् दशम्या काय केल्यात हो, लोण्यासारख्या. माझं पिवळं फडकं चादरीवर सोडलेलं. भंडाऱ्याची पुडी बाजूला ठिवलेली. समद्यांच्या हातात माझ्या आयचा निवद.

ताई, घास तोंडात असलेल्या बाईला काय सांगायचं? की बाई तू कुणाचं खाती? त्यांना काय ठाऊक, त्यांना वाटलं म्या समद्यांसाठी आणल्यात. कवतिक करत व्हत्या माझं. पूजानं तर दोन खाल्ल्या, म्हणली, आत्या, सकाळपासनं पोटात काय ठरत न्हवतं, ही दशमी तेवढी ठरली. मी सुमीकडं बघितलं. गाठुडं कशाचं हाय ते एकट्या तिला ठाऊक व्हतं. ती म्हणली, तू गाढ झोपली व्हतीस, उठवाया जीव झाला न्हाई. आन् आता ठेवून खराबच झाल्या असत्या. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई, वाळूकडं बघून बोलली.

एक दशमी उरली व्हती ती म्या पदरात बांधली. त्यांनी होडीत बसून जंजिरा बघितला. मी न्हाई गेले, गाडीपाशी बसून राहिले. किल्ला लई मोठा हाय म्हणत्यात, असंल.

परतीला मी फुडं दत्तूशेजारी बसले. इचारलं, दत्तू, तळं लागलं व्हतं का रं? त्यो गेअर बदलत राहिला. मग म्हणला, आत्या, मला शिव्या देऊ नका, सुमनकाकूंचा कालच फोन आलता. म्हणल्या तळ्यापाशी थांबायचं न्हाई, हॉर्न वाजवायचा न्हाई, तिला झोपू द्यायची. चिंच हाय अजून, आत्या. मी बघितली.

काल. म्हंजी मी तिच्या रानात शेवंती तोडत व्हते तवा. माझा घाम तिच्या वाफ्यात पडत व्हता आन् तिनं बांधाच्या पलीकडं जाऊन फोन लावला. शालीचं, खांद्याचं, गाणी बंद करायचं, समदं आधी ठरलेलं. मी मायेनं निजले म्हणते, आन् मला निजवली व्हती. मागनं बायांची गाणी चाललेली, टाळ्या चाललेल्या, आन् मी खिडकीकडं तोंड करून रडले बघा. उरलेली दशमी चुलतभावाकडं जाऊन मेंढीला चारली. तिच्याच दुधाची, तिलाच.

दोन दिवसांनी माझी तोडणी व्हती. बाया आल्या, सुमी बी आली टोपली घिऊन, पैरा फेडायला. माझ्याच सरीत वाकली. म्या म्हणलं, का केलंस सांग. तवा तिनं सांगितलं. पूजाला दिवस गेलेत, आठवड्यापूर्वीच कळलं, आधीची दोन वाया गेलेली, म्हणून तीन महिने कुणाला सांगायचं न्हाई. न न्यावं तर बाया इचारतील का आली न्हाई. आन् पोटुशी बाई असल्या जागी नेत न्हाईत, तुला ठाऊकच हाय. म्या म्हणलं, पूजा गाडीतच बसली असती, मी एकटी उतरणार व्हते. तर ती फुलं तोडता तोडता म्हणली, पर परत त्याच गाडीत बसली असतीस ना इंदे.

माझे हात थांबले. कळलं का तुमाला, ताई? माझ्या पदराला धरून काय तरी आलं असतं, असं तिला म्हणायचं व्हतं. म्या इचारलं, माझी आय बाधती व्हय गं?

ती टोपलीतली फुलं सारखी करत राहिली. न्हाई म्हणली असती तरी मी तिथंच सोडून दिलं असतं समदं. मला आधी सांगितलं असतंस तर म्या सोता म्हणलं असतं, राहू दे, आपण दोघी नंतर यष्टीनं जाऊ. पूजाचं लेकरू काय माझं दुश्मन हाय? पर गुपित माझ्यापाशी राहणार न्हाई असं वाटलं तिला. एका सरीत वाकून म्हातारं झालो आमी, आन् असं वाटलं तिला.

म्या म्हणलं, सुमे, ऊठ. टोपली घे आन् जा. तुझा पैरा मला नको.

समद्या बाया ताठ झाल्या. आमच्यात भांडणं व्हत्यात, डोकी फुटत्यात, पर पैरा कुणी परत लावीत न्हाई. पैरा नको म्हणलं म्हंजी तो दिवस त्या बाईच्या डोक्यावर राहतो, तो कुणाला देऊन फिटत न्हाई. सुमी रडाय लागली, म्हणली, दुसरं काय बी कर, असं नको करू. गेली शेवटी बांधावरनं. तवापासनं दर तोडणीला टोपली घिऊन बांधावर येती, हुभी राहती. मी म्हणते, आज माणसं हायेत. ती जाती. मधी म्हणली, चल, आपण दोघी चौलला जाऊ, मी नेते तुला. म्या म्हणलं, तुझ्यासंगं न्हाई. आता गुडघे बी गेले. भाच्याला म्हणलंय, बघू, नेईल कवा तरी. न्हाई नेलं तर न्हाई. एकदा वाडा थांबला न्हाई, एकदा गाडी थांबली न्हाई.

परवा बारसं झालं. पोरगी झाली पूजाला, चांगली ठणठणीत. सुमी बोलवाया आली न्हाई, तिची छाती झाली न्हाई, पूजाच आली ओली बाळंतीण उंबऱ्यापर्यंत, म्हणली, आत्या, तुमी आल्याबिगर पाळणा हलवायचा न्हाई. गेले मी. लेकरानं काय केलंय कुणाचं. बायांची गर्दी, सुमी पाळण्याच्या दोरीपाशी. पूजानं पोरगी माझ्या मांडीवर दिली. सुमीचा हात फुडं आला आन् मागं गेला, बघितलं म्या.

म्या भंडारा नेला व्हता, तो पोरीच्या कपाळाला लावला. आन् मोठ्यानं न्हाई, पर सुमीला ऐकू जाईल असं म्हणलं, बाई, तू पोटात असताना माझ्या आयच्या दारावरनं गेलीस, आन् तिचाच निवद तुझ्या आयच्या पोटात ठरला. तिनं तुला काय केलं का? न्हाई केलं. तुला तिनं जेवू घातलं. औक्ष घे, सुखात राहा.

सुमीच्या हातातली दोरी तशीच राहिली. पाळणा मग पूजानंच हलवला.