दारूबंदीतला नाताळ

...आणि वर त्यालाच विचारतात, अहो गोपीनाथ, नाताळ तुमचा नाही, देवळातली ती घंटा तुमची नाही, केक तुमचा नाही, मग डिसेंबर लागला की तुमचे हात का कापतात? आता काय सांगायचं माणसानं? तुम्हाला सांगतो, ज्याच्या डोक्यावर माळा आहे, माळ्यावर बरणी आहे, आणि जो रोज साडेदहाला दारूबंदी खात्यात सही करून बसतो, त्यालाच कळेल हात का कापतात ते. कोपरीत सगळे म्हणायचे, गोपीनाथ भित्रा. भित्रा नव्हता हो तो. त्याला फक्त पुढचं दिसायचं.

आता हा गोपीनाथ कोण, तर ठाण्यात स्टेशनच्या पूर्वेला कोपरी, तिथला. बाप मिठागरावर, आजा मिठागरावर, आणि हा एकटा मॅट्रिक झाला. कचेरीत शेतसाऱ्याच्या टेबलावर अकरा वर्षं मान खाली घालून बसला, कुणाला उलटून बोलला नाही. मग पन्नास साल उजाडलं, सरकारनं दारू बंद केली, नवं खातं उघडलं, आणि मोठे साहेब टेबलापाशी येऊन म्हणाले, "तुम्ही दारू पिता?" हा म्हणाला, "नाही साहेब." झालं, तेवढ्यावर बदली. आता मला सांगा, हा काय न्याय झाला? जो पितो तो शेतसाऱ्यात मजेत, आणि जो पीत नाही तो दिवसभर दारूची कलमं उतरवून काढतोय. बाळगणे, वेगळं कलम. वाहून नेणे, वेगळं कलम. गाळणे, मुरवणे, दुसऱ्यासाठी ठेवणे... एकेक कलम लिहिताना ह्याला घाम फुटायचा, जणू आपलीच शिक्षा लिहितोय.

आणि ह्याच्या दारासमोर, मधे फक्त चार हातांची गल्ली, तिथे मारीबाय.

मारीबाय इथलीच ख्रिस्ती बाई, पिढ्यान्‌पिढ्या कोपरीतली. लुगडं नेसणार, अंबाड्यात फूल घालणार, रविवारी तलावाजवळच्या देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये जाणार. तिचा नवरा इनास आणि ह्याचा बाप काळुराम एकाच मिठागरावर राबलेले. म्हणून दिवाळीला ह्यांच्याकडून फराळाचं ताट तिकडे, आणि नाताळाला तिकडून ताट इकडे. नेवऱ्या, खोबऱ्याच्या वड्या, आणि ते गोल गोल तळलेले फुगे, वर विणलेला रुमाल. इनास गेला, काळुराम गेला, ताटं काही थांबली नाहीत. आणि अजून एक गोष्ट थांबली नाही. इनास दरवर्षी काळ्या मनुक्यांची वाईन मुरत घालायचा, ती आता मारीबाय घालायची. नाताळाच्या सकाळी देवळातून आली की पहिला पेला इनासच्या फोटोपुढे, मग येईल त्याला अंगठ्याएवढा एकेक पेला. घरचा रिवाज. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

तर त्या साली दिवाळीच्या आधी मारीबाय आली ओट्यावर. म्हणाली, "गोपी, तू आता त्या खात्यान हायस. जरा इचारून ये. आमचे घरचे वाईनीला चालतंय का?"

ह्यानं विचारायला कशाला जायला हवं? कलम पाठ होतं. घडाघडा म्हणून दाखवलं, वर शिक्षासुद्धा सांगितली, महिन्यांसकट.

मारीबायनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "बरं."

तुम्हाला सांगतो, मारीबाय आयुष्यात पहिल्यांदा कुणाला नुसतं "बरं" म्हणाली, तिथंच त्यानं ओळखायला हवं होतं. पण पुढचं दिसणाऱ्या माणसाला कधी कधी समोरचं दिसत नाही, काय करणार.

दिवाळी झाली. आठ दिवसांनी हा संध्याकाळी जेवायला बसला. भाताचा घास उचलला आणि वरून आवाज आला. बुडुक.

"आवडा, हे काय?"

त्याची बायको आवडाबाई. शांत बाई, पण अशी शांत, की तिनं नजर खाली केली की समजावं काहीतरी झालंय. तिनं नजर खाली केली. "उंदीर असेल."

"उंदीर बुडुक करतो?"

"पाण्यात पडला असेल."

"माळ्यावर पाणी कुठनं आलं?"

"आमटी गार होतेय, जेवा."

पुन्हा बुडुक. दुसऱ्या दिवशी बुडुक बुडुक. हा ऑफिसात बसला तरी कानात बुडुक. शेवटी रविवारी आवडाबाई पाणी आणायला गेली, आणि हा शिडी लावून चढला वर. गोधड्यांच्या मागे, पाटांच्या मागे, चिनीमातीची ही एवढी बरणी. तोंडाला फडकं, फडक्यावर झाकण, आणि बरणीला चिकटवलेला कागद. कागदावर आवडाबाईच्या अक्षरात, 'कैरी लोणचे'.

नोव्हेंबरात कैरीचं लोणचं आणि तेही बुडुक करणारं... आवडाबाई हंडा घेऊन आली तर नवरा शिडीला मिठी मारून उभा.

"ही मारीबायची?"

"ती रडली हो," आवडाबाई म्हणाली. "म्हणाली, माझे घरात आले तर शोधतील. गोपीचे घरात कोन बघील? त्यांच्यातलाच हाय तो. काळुरामबाबांनी जन्मभर त्यांच्याकडचा पेला घेतला. मी नाही कशी म्हणू?"

आता तुम्ही म्हणाल, परत द्यायची. कशी देणार? दिवसाढवळ्या बरणी घेऊन गल्ली ओलांडली की 'वाहून नेणे'. ओतून द्यायची? गटारात ओतली की कोपरीभर वास, आणि मारीबायनं इनासच्या नावानं घातलेली, ती गटारात ओतणारा हात आणायचा कुठनं? ठेवायची? ठेवली की 'बाळगणे'. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आतली हवा कोंडून बरणी फुटली तर? फुटेल, माळ्यावरून गळेल, वास जाईल, कुणीतरी अर्ज करील, तो अर्ज कचेरीत येईल आणि त्याच्याच टेबलावर पडेल. स्वतःविरुद्धच्या अर्जावर स्वतःच आवक नंबर टाकायचा. हे सगळं त्याला त्या शिडीवर उभ्या उभ्या दिसलं. भित्रा नव्हता हो. पुढचं दिसायचं.

मग त्यानं काय केलं? रोज सकाळी आंघोळ, देवाला नमस्कार, आणि शिडी. झाकण काढायचं, फडकं सोडायचं, हवा जाऊ द्यायची, पाच मिनिटं तिथेच पाटावर बसून वास बाहेर जातोय का बघायचं, पुन्हा बांधायचं आणि ऑफिस. संध्याकाळी आला की पुन्हा तेच. महिनाभर. हळूहळू बुडुक थांबलं. त्याला वाटलं, सुटलो.

...आणि चोवीस डिसेंबरला, अकरा वाजता, इन्स्पेक्टर सबनीस त्याच्या टेबलापाशी आले.

सबनीस म्हणजे सरळ माणूस. हसणं नाही, रागावणं नाही, कुणाच्या घरचं पाणीसुद्धा विचार करून पिणार. असला माणूस जास्त भयंकर, कारण त्याला विनवता येत नाही. म्हणाले, "गोपीनाथ, तुम्ही कोपरीचे ना? निनावी अर्ज आहे. एका ख्रिस्ती घरात सणासाठी वाईन केलीय म्हणून. मारीबाय इनास. घर दाखवा. पंचनामा तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे."

चांगलं अक्षर. बघा, माणसाला काय काय नडतं ते.

स्टेशनचा पूल उतरून कोपरीत येईपर्यंत ह्यानं तीनदा चप्पल अडकवून घेतली. मागे शिपाई धोंडीबा, पुढे सबनीस, मधे हा, दौत-टाक घेऊन. लोकांना वाटलं ह्यालाच धरून आणलाय. एक म्हातारी तर म्हणाली, "गोपीनाथ, काय केलंस रे?" ह्यानं मान हलवली, आणि ती मान नेमकी होय म्हणून हलली की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नाही.

मारीबायच्या दाराला कागदाचा तारा लावलेला. आत फुग्यांचं पीठ फुगत ठेवलेलं, चुलीवर कढई. झडती सुरू झाली. धोंडीबानं पेटी उघडली, पिंप उघडलं, कोंबड्यांच्या खुराड्यात हात घालून टोच खाऊन आला. हा लिहितोय... 'स्वयंपाकघरात आक्षेपार्ह काही नाही.' अक्षर असं, की मुंगी दौतीतनं निघून कागदावरून गेली असावी. मारीबाय एका जागी उभी. एकदासुद्धा ह्याच्याकडे बघितलं नाही. तिनं बघितलं असतं तर हा तिथंच खाली बसला असता.

काही सापडलं नाही. सबनीस बाहेर आले, घाम पुसला, आणि म्हणाले, "तुमचं घर जवळच असेल. तिथं बसून पंचनामा पुरा करू. पाणी मिळेल?"

जवळच. चार हात.

सबनीस पाटावर बसले, नेमके माळ्याखाली. आवडाबाईनं पाणी दिलं. हा समोर बसून लिहायला लागला. आणि तुम्हाला सांगतो, माणसाच्या मानेवर माणसाचा ताबा नसतो. एक ओळ लिहिली की नजर वर. पुन्हा एक ओळ, पुन्हा वर. स्वतःला बजावतोय, वर बघू नको, वर बघू नको, आणि डोळे शिडी चढल्यासारखे वर.

सबनीसांनी भांडं खाली ठेवलं. "वर काय आहे?"

"उंदीर," हा म्हणाला.

"लोणचं," आवडाबाई म्हणाली. दोघंही एकदम.

धोंडीबाला सांगावं लागलं नाही. तो वर चढला आणि बरणी उराशी धरून उतरला. सबनीसांनी कागद वाचला. फडकं सोडलं. आंबूस वास घरभर पसरला. नोकरी गेली, हा मनात म्हणाला. तुरुंग. आवडा माहेरी. बापाच्या नावाला काळं. सगळं त्याला दिसलं, अगदी तुरुंगातल्या वाटीतल्या डाळीपर्यंत.

"कोणाची ही?" सबनीसांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

आणि दारात कोण उभं? मारीबाय. हातात नाताळाचं ताट, वर विणलेला रुमाल. चेहरा पांढरा पडलेला. तिनं तोंड उघडलं.

त्याआधी हा बोलला. "माझी."

कसं बोलला, त्याला ठाऊक नाही. इतकी वर्षं पुढचं बघत आलेला माणूस, त्या एका क्षणी पुढचं काही दिसलंच नाही. दिसली फक्त ती, रुमाल घट्ट धरून उभी. "माझी आहे साहेब. मीच ठेवली. ह्या दोघींना काही माहीत नाही."

सबनीसांनी वाटी मागितली, बरणीतनं चमचाभर ओतलं, वास घेतला, जिभेला लावलं. आणि त्या न हसणाऱ्या, न रागावणाऱ्या माणसाचं तोंड असं वाकडं झालं, की धोंडीबानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"हा शिरका आहे," सबनीस म्हणाले. "जहाल शिरका."

रोज दोनदा झाकण उघडून हवा लागली की वाईन आंबून व्हिनेगर होणार, दुसरं काय?

हा सुटकेचा श्वास घेतो न घेतो तोच दारातनं आवाज. "शिरका? गोप्या, शिरका केलास तिचा? सात आठवडे राखायला दिली तुला आणि तू..." आणि मारीबाय मधेच थांबली, कारण सबनीस तिच्याकडे बघत होते.

सबनीसांनी टाक ह्याच्या हातातनं घेतला आणि स्वतः शेवटची ओळ लिहिली. 'गोपीनाथ काळुराम याचे घरी एक बरणी शिरका आढळला. शिरका बाळगण्यास मनाई नाही.' मग उठले आणि जाता जाता हळू म्हणाले, "दारू असती तर नेलं असतं तुम्हाला. हे विसरू नका." आणि त्यांनी खरंच नेलं असतं, तुम्हाला सांगतो. त्या रात्री गोपीनाथला जेवण गेलं नाही ते त्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी नाताळ. हा गल्ली ओलांडून गेला, मान खाली. फोटोपुढे पेला होताच, शिरक्याचा.

"मारीबाय, माझं चुकलं," हा म्हणाला.

तिनं एक फुगा त्याच्या हातावर ठेवला. "राहू दे. त्यानंबी मना जन्मभर काय गोडच केलंय असं नाय. पिऊ दे एक वरीस." मग त्याच्याकडे न बघता, "माझी म्हनालास, ते ऐकलं मी. इनासनंबी ऐकलं." आणि ती कढईकडे वळली, पदरानं डोळे पुसत, धूर लागला म्हणाली.

तर झालं असतं इथंच गोड. पण सबनीस सरळ माणूस ना. त्यांनी वर लिहून कळवलं, की हा कारकून स्वतःच्या घरचीसुद्धा बरणी लपवत नाही, सबब नाताळाच्या झडत्यांना दरवर्षी ह्यालाच पाठवावे. एक्कावन्न साली सात घरं, बावन्न साली अकरा, त्रेपन्न साली पार स्टेशनपलीकडे चेंदणीपर्यंत. दर घरी लोक म्हणतात, "आलास गोपीनाथ? आधी खा, मग शोध." आणि हा हात कापत कापत नेवऱ्या खातो आणि मनात देवाला म्हणतो, काही सापडू देऊ नको रे बाबा.

काय करणार. कुणी नाताळाला तारा लावतं, कुणी केक कापतं, कुणी देवळात गाणी म्हणतं. आमचा गोपीनाथ पंचनामा लिहितो.