मारुतीचं तेल

आमच्या सासऱ्यांचं, जळगावच्या आबांचं सांगतो. भडगावला लग्नाला निघालो आणि दारातच मोटार पंक्चर. चाकाचा एक नट असा गंजलेला, की आबा पान्यावर उभे राहिले तरी हलेना. घरातलं तेल संपलेलं.

सासूबाई म्हणाल्या, "आज शनिवार. तेल विकत आणायचं नाही."

आबा देवाला भीत नसत, सासूबाईंना भीत. ते तडक मारुतीच्या देवळात गेले आणि लोकांनी वाहिलेलं तेल वाटीभर घेऊन आले. नट सुटला, लग्न गाठलं.

पुढच्या शनिवारी सासूबाई म्हणाल्या, "देवाचं तेल देवाला देऊन या."

आबा इंजिनातून काढलेलं काळं तेल घेऊन निघाले.

"अहो, हे देवाला?"

"त्याचं तेल माझ्या गाडीले चाललं, मग गाडीचं तेल त्याले काबरं नाही चालणार?"