दोन्हींचं नाव वजन

रांगेत कान टवकारायची आजींची खोड जुनीच. पुढे दोघी प्रोग्रामर बोलत होत्या.

"ताई, औषधाचा डोस काढणाऱ्या फंक्शनला आधी बाळाचं वजन द्यायचं, मग आईचं. मी दोन्हींचं नाव 'वजन'च ठेवलं!"

"अगं वेडे! मग?"

"प्रोग्राम सुरूच होईना. तुम्ही कोडच्या अगदी वर लिहिलेली स्ट्रिक्ट मोडची, कडक तपासणीची ओळ अडून बसली."

"तीच ओळ काढा म्हणून महिनाभर माझं डोकं खाल्लंस ना?"

"काढली असती, तर दुसऱ्या वजनानं पहिलं गुपचूप गिळलं असतं. बाळाला आईच्या वजनाचा डोस गेला असता, ताई."

"रडू नकोस. गेला नाही ना?"

"तुम्हाला मी पाठीमागे खाष्ट सासू म्हणायचे."

"माहीत आहे. आणि आता?"

"आता आणखी खाष्ट व्हा."